'निर्वासित', 'विस्थापित', 'प्रकल्पग्रस्त': घर सुटलेल्यांसाठीच्या शब्दांचा माग कसा काढायचा

उल्हासनगरच्या सिंधी कुटुंबांवर लेख लिहायचा असो, कोयनेच्या बुडितातल्या गावांवर प्रबंध असो किंवा रोहिंग्यांची चार ओळींची बातमी असो, गाडी पहिल्याच वाक्यात अडते. या माणसांना म्हणायचं काय? निर्वासित, विस्थापित, शरणार्थी, स्थलांतरित, धरणग्रस्त, प्रकल्पग्रस्त, बाधित. बहुतेक जण कानाला बरा वाटेल तो उचलतात आणि पुनरुक्ती नको म्हणून पुढच्या परिच्छेदात दुसरा वापरतात. पण हे शब्द एकमेकांचे पर्याय नाहीत. यातल्या प्रत्येकावर कोणाला तरी जमीन, नोकरी किंवा नागरिकत्व मिळालेलं आहे आणि कोणाचं तरी नाकारलं गेलेलं आहे. म्हणून शब्दाचा माग काढताना कोशाइतकंच, किंबहुना जास्तच, सरकारी कागदाकडे पाहावं लागतं.

सुरुवातीला एक तयारी करा. प्रत्येक शब्दासाठी वहीचं एक पान घ्या आणि त्यावर चार रकाने आखा: कधीचा वापर, कोणी वापरला, कोणासाठी वापरला, आणि त्या शब्दामुळे त्या माणसाला काय मिळालं किंवा काय गेलं. चौथा रकाना बरेच दिवस कोरा राहील. राहू द्या. खरं काम त्याच्यासाठीच चाललेलं असतं.

पहिली पायरी: शब्द फोडून पाहा, पण तिथेच मुक्काम करू नका

'निर्वासित' मध्ये 'वस्' हा राहणे या अर्थाचा धातू आहे. निवासी, रहिवासी, प्रवासी ही सगळी त्याचीच पिलावळ, 'पुनर्वसन' सुद्धा. पण 'निर्वासित' हे प्रयोजक रूप आहे. म्हणजे नुसता घर सोडलेला नव्हे, तर घराबाहेर काढलेला, घालवून दिलेला. कोणी घालवलं, ते शब्द सांगत नाही. कोणीतरी घालवलं एवढंच सांगतो. 'शरणार्थी' बरोबर उलट्या बाजूने येतो. तिथे हाकलणारा कुठेच नाही. आश्रय मागणारा माणूस आणि त्याची याचना तेवढी दिसते. 'विस्थापित' मध्ये तर दोघंही नाहीत. जागेवर होतं ते हललं, एवढाच थंड अर्थ. कचेऱ्यांना तो आवडतो यात नवल नाही.

'ग्रस्त' चं मूळ गिळण्यात आहे. पंचांगातलं 'ग्रस्तोदित चंद्रग्रहण' आठवा: ग्रहण लागलेल्या अवस्थेतच चंद्र उगवतो. त्याच चालीवर आपण पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त, धरणग्रस्त असे शब्द पाडत गेलो. पूर आणि भूकंप यांच्या रांगेत धरण आणि प्रकल्प येऊन बसले, हे मला या सगळ्या शब्दांतलं सर्वांत बोलकं वाटतं. धरण आभाळातून पडत नाही, ते मंजूर होतं. तरी मराठीने त्याला आपत्तीच्या घरात घातलं.

आता सावधगिरीचं. अमरकोशात 'निर्वासन' आणि 'प्रवासन' हे दोन्ही शब्द वधाच्या पर्यायांमध्ये दिलेले आहेत. म्हणून 'निर्वासित म्हणजे मुळात मारून टाकलेला' असं लिहायला कोणी धजावेल. लिहू नका. संस्कृतात घालवून देणे हा अर्थही होताच, आणि मराठीत आपल्याकडे आला तो तोच. व्युत्पत्ती शब्दाचं जन्मगाव दाखवते, आजचा पत्ता देत नाही. दुसरा खड्डा दिसण्यातल्या साम्याचा. 'उद्ध्वस्त' चा वस्तीशी काही संबंध नाही, तो 'ध्वस्त' वरून आला. बंगालीतला 'उद्बास्तु' मात्र खरोखर 'वास्तु' वरूनच आहे. दोन शब्द सारखे दिसले की आधी धातू तपासा, मग नातं जोडा.

दुसरी पायरी: कोश उघडा आणि आधी त्याचं साल पाहा

मराठीसाठी तीन कोश हाताशी असावेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, सुधारून वाढवलेली १८५७), दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' (१९३२ पासून पुढे खंडाखंडाने), आणि जुन्या मराठीसाठी तुळपुळे-फेल्डहाउस यांचा कोश (१९९९). हे तिन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालयात फुकट पाहता येतात. 'बृहद्कोश' या संकेतस्थळावर अनेक मराठी कोश एकत्र शोधता येतात. शासकीय परिभाषेसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत.

शोधताना मूळ शब्दाबरोबर त्याची सगळी भावंडं शोधा: निर्वासन, निर्वासणे, वासित. शब्द कोशात नसला तर तो बोलण्यात नव्हताच, असा निष्कर्ष काढू नका. आणि असला तर नोंदीत मुळाची खूण पाहा. मोल्सवर्थ संस्कृत, फारसी, अरबी, हिंदुस्थानी असं मूळ एकेका अक्षराने दाखवतो. ती एवढीशी खूण पुष्कळदा सगळी दिशा बदलते.

'परागंदा' हे उदाहरण घ्या. आज आपण तो 'फरार' च्या जवळपास वापरतो. मूळ फारसी अर्थ आहे विखुरलेला, पांगलेला. पेशवाईच्या कागदांत 'रयत परागंदा झाली' हा वाक्प्रयोग वारंवार येतो. स्वारी आली, दुष्काळ पडला किंवा वसुलीचा जाच झाला की गाव उठून जायचं आणि अंमलदार तसं वर कळवायचा. फारसी मुळासाठी माधव जूलियनांचा फार्शी-मराठी कोश (१९२५) जवळ ठेवा.

'बेचिराख' ची गंमत त्याहून मोठी आहे. गाव बेचिराख झालं म्हटलं की आपल्याला राख दिसते. मूळ शब्द 'बेचिराग': जिथे दिवा लागत नाही ते, म्हणजे ओसाड गाव. महसुली कागदात तो शब्द टिकला, बोलण्यात मात्र चिरागची राख झाली आणि ओसाड गाव जळून खाक झालं. विदर्भात अशाच निर्मनुष्य गावाला 'रिठी' म्हणतात आणि सातबाऱ्याच्या जगात ती अजून वावरते.

हे दोन शब्द वहीत लिहिताना तिसरा रकाना नीट भरा. 'परागंदा' मध्ये निदान रयत आहे. 'बेचिराग' मध्ये माणूसच नाही, फक्त गाव आहे. कारण लिहिणारा वसुलीचा माणूस होता. त्याच्या लेखी प्रश्न कुटुंब कुठे गेलं हा नव्हता, सारा कोणाकडून घ्यायचा हा होता. बिऱ्हाड पाठीवर घेतलेल्या माणसाच्या बाजूने बोलणारा शब्द हवा असेल तर 'देशोधडी' कडे जावं लागतं. 'देशोधडीला लागलो' हे माणूस स्वतःबद्दल म्हणू शकतो. 'मी बेचिराग झालो' असं कोणी म्हणत नाही.

तिसरी पायरी: कायद्यातली व्याख्या वाचा

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. कोणत्याही कायद्याचं व्याख्यांचं कलम काढा (बहुधा दुसरं असतं) आणि चार गोष्टींवर बोट ठेवा: तारीख, भूगोल, कारण, पुरावा. कोणत्या दिवसानंतर निघालेला, कुठून निघालेला, कशामुळे निघालेला, आणि ते कोणत्या कागदाने सिद्ध करणार.

फाळणीवर हे करून पाहू. कराचीहून १९४७ च्या अखेरीस मुंबई बंदरात उतरलेलं एक सिंधी कुटुंब कल्पनेत घ्या. राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदात हे लोक 'स्थलांतर करून आलेले' आहेत. नागरिकत्व त्याच शब्दावर ठरतं, आणि तिथे तारीख १९ जुलै १९४८ आहे: त्याआधी आलेल्यांना एक नियम, नंतर आलेल्यांना नोंदणीची अट. नुकसानभरपाई आणि पुनर्वसनाच्या १९५४ च्या केंद्रीय कायद्यात तेच कुटुंब 'विस्थापित व्यक्ती' होतं. तिथे तारीख १ मार्च १९४७, भूगोल पश्चिम पाकिस्तान, कारण फाळणी, दंगल किंवा दंगलीची भीती. शेजारीपाजारी आणि वर्तमानपत्रं त्यांना निर्वासित किंवा रेफ्युजी म्हणत होती. कुटुंब एक आणि नावं तीन. प्रत्येक नाव वेगळ्या खिडकीवर चालणारं.

१९५४ च्या त्या व्याख्येत पूर्व पाकिस्तान नाही, हेही लिहून ठेवा. पूर्व बंगालमधून आलेल्यांची सोय वेगळ्या मार्गाने झाली. काहींना दंडकारण्यात नेलं, काहींना आपल्याकडे तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात वसवलं. आजच्या गडचिरोलीतल्या मुलचेरा-चामोर्शीकडची बंगाली गावं त्यातलीच. पंजाबी-सिंधी निर्वासित आणि बंगाली निर्वासित एकाच वाक्यात 'भरपाई मिळालेले' म्हणून बसवले की वाक्य चुकतं. १९५४ चा कायदा २००५ मध्ये रद्द झाला. म्हणजे आज त्या अर्थाने 'विस्थापित व्यक्ती' हा जिवंत कायदेशीर दर्जा राहिलेला नाही.

जगाच्या कागदात शब्द 'रेफ्युजी'. त्याची कुळी फ्रान्सची. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने नांतचा आदेशनामा रद्द केला, प्रोटेस्टंट ह्यूगनो देश सोडून पळाले, आणि त्यांच्यासोबत हा शब्द इंग्लंडात पोचला. काही काळ तो जणू त्यांचंच आडनाव होता. पुढे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिश राजाची बाजू घेऊन पळालेल्यांनाही तो लागला आणि सैल झाला. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने तो पुन्हा आवळला: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपायी छळ होण्याची सकारण भीती हवी, आणि माणूस आपल्या देशाबाहेर हवा. घटना १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या असाव्यात ही अट १९६७ च्या पूरक करारात निघाली. भारताने यांपैकी कशावरच सही केलेली नाही. त्यामुळे आपल्या बातमीत 'निर्वासित दर्जा' असा शब्दप्रयोग आला की विचारा: कोणी दिलेला दर्जा? भारत सरकारचा, की संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचा?

आता घरचं उदाहरण. महाराष्ट्राने पुनर्वसनाचा पहिला स्वतंत्र कायदा १९७६ मध्ये केला. त्याच्या इंग्रजी नावातला शब्द होता 'डिस्प्लेस्ड', म्हणजे विस्थापित. १९८६ च्या कायद्यात त्या जागी 'अफेक्टेड', म्हणजे बाधित, असा शब्द आला. १९९९ च्या कायद्यातही तोच राहिला; मराठी नावात 'प्रकल्पबाधित व्यक्ती'. दहा वर्षांत नावातला एक शब्द बदलला आणि चाळणीची भोकं मोठी झाली. घर न सुटता शेत गेलेला माणूसही आत आला. २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्याने दोन्ही शब्द वेगळे ठेवले: 'विस्थापित कुटुंब' म्हणजे ज्याला जागा सोडून दुसरीकडे जावं लागलं ते, 'बाधित कुटुंब' त्याहून रुंद, त्यात तिथे राबून पोट भरणारे मजूर, कुळं, कारागीरही येतात, तीन वर्षांच्या अटीसह.

हा फरक डोळ्यांनी पाहायचा तर नवी मुंबईत पाहा. १९७० मध्ये सिडको हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ आलं, ९५ गावांची जमीन गेली, १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबार होऊन शेतकरी मेले, आणि पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत देण्याची योजना आली. पण बहुतेक गावांची गावठाणं जागेवरच राहिली. भातशेती आणि मिठागरं गेली, घर राहिलं, घराभोवती शहर उभं राहिलं. त्या आगरी-कोळी माणसाला विस्थापित म्हणणं चूक. तो प्रकल्पग्रस्त आहे. विमानतळासाठी मात्र गावठाणंच उठली. तिथे दोन्ही शब्द लागू होतात.

शासन निर्णय वाचायचे तर राज्य शासनाच्या संकेतस्थळावर विभागवार मिळतात. मदत व पुनर्वसन विभागापासून सुरुवात करा. तिथे 'प्रकल्पग्रस्त' चा तिसरा जन्म दिसेल. सरकारी भरतीत प्रकल्पग्रस्तांना ५ टक्के समांतर आरक्षण आहे (भूकंपग्रस्तांना २ टक्के). त्यासाठी दाखला लागतो आणि तो कुटुंबातल्या दुसऱ्याच्या नावे हस्तांतरितही होतो. धरण झाल्यावर जन्मलेली, बुडालेलं गाव कधी न पाहिलेली नात अर्जाच्या रकान्यात 'प्रकल्पग्रस्त: होय' लिहिते. आपत्तीचा शब्द पात्रतेचा शब्द झाला. कोणी याला गैरफायदा म्हणतं. मला तसं वाटत नाही: जमीन पिढ्यान्‌पिढ्यांची होती, तर तिच्या बदल्यात आलेला शब्दही एका पिढीत कसा संपेल?

चौथी पायरी: पाट्या आणि पत्ते

उल्हासनगर म्हणजे कल्याणजवळची दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर तिथे सिंधी कुटुंबं उतरवली आणि १९४९ मध्ये गावाला नवं नाव मिळालं. पण रिक्षावाल्याला आजही 'कॅम्प नंबर चार' सांगितलं की पुरतं. निर्वासित हा शब्द गेला, छावणी पत्त्यात राहिली. पिंपरीतही तेच.

कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत तर एकाच जागेवर दोन थर सापडतात. १९४३ पासून तिथे सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत होती. बहुतेक बायका आणि मुलं, सोव्हिएत राजवटीने हद्दपार केलेली, इराणमार्गे आलेली. ती गेल्यावर तिथे सिंधी आले, आणि आज ते गांधीनगर, कापडाची मोठी बाजारपेठ. पोलिश मुलं आणि सिंधी व्यापारी या दोघांनाही मराठीत आपण 'निर्वासित' म्हणतो. परतण्याचा प्रश्न, नागरिकत्व, भाषा, सगळं वेगळं. स्थानिक इतिहास लिहिताना अशा ठिकाणी शब्दापुढे साल घालाच.

१२ जुलै १९६१ ला पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं. त्यानंतर वसवलेल्या वसाहतींची 'पूरग्रस्त' ही ओळख पाणी ओसरून साठ वर्षं झाली तरी गेली नाही, कारण जागेच्या हक्काचे प्रश्न त्याच शब्दाला बांधलेले होते. मुंबईत मानखुर्द, वाशी नाका, माहुलला 'पीएपी बिल्डिंग' विचारा; प्रकल्पबाधितांचं ते इंग्रजी आद्याक्षरी नाव तिथे इमारतीचं नाव होऊन बसलंय.

पाचवी पायरी: शेजारच्या भाषा, विशेषतः हिंदी

मराठी वृत्तसंस्थांत सर्वांत जास्त चुका इथे होतात. हिंदीत 'निर्वासित' म्हणजे देशाबाहेर घालवलेला, परदेशी आश्रयाला राहून लढणारा. हिंदीतलं 'निर्वासित तिब्बती सरकार' मराठीत तसंच उचललं तर वाचकाला छावणीतलं सरकार वाटतं. तिथे 'परागंदा सरकार' किंवा 'विजनवासातलं सरकार' लिहा. उलट हिंदीतल्या 'शरणार्थी' ला मराठीत रुळलेला शब्द 'निर्वासित'.

१९७१ च्या अखेरीस पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं, त्यावर 'शरणार्थी सहायता' छापलेलं असे. पूर्व बंगालमधून आलेल्या सुमारे एक कोटी लोकांसाठीचा तो भार. मराठी घरात लोक निर्वासित म्हणत आणि शरणार्थीचं तिकीट चिकटवत. जुन्या पत्रांच्या गठ्ठ्यात पाहा, सापडेल.

दिल्लीत फाळणीनंतर आलेल्या पंजाब्यांना 'शरणार्थी' बोचला. आम्ही भीक मागत नाही म्हणून त्यांनी 'पुरुषार्थी' पुढे केला. पाकिस्तानात भारतातून गेलेल्यांना 'मुहाजिर' म्हणतात. मूळ प्रेषित मुहंमदांच्या हिजरतीशी, म्हणजे मक्का सोडून मदिनेला जाण्याशी जोडलेला, मानाचा शब्द. कराचीत पुढे तो राजकीय जमात झाला आणि १९८४ मध्ये त्याच नावाचा पक्ष निघाला. एका फाळणीने सीमेच्या दोन्ही बाजूंना शब्द दिले आणि दोन्हीकडे लोकांनी ते आपल्या सोयीने वाकवले.

सहावी पायरी: माणसांना विचारा, पण शब्द तोंडात घालू नका

'तुम्ही विस्थापित झालात तेव्हा काय वाटलं?' असं विचारलंत की उत्तरात विस्थापितच येणार. त्याऐवजी 'गाव कुठलं?', 'इकडे कधी आलात?', 'दाखल्यावर काय लिहिलंय?' असं विचारा आणि माणूस कोणता शब्द कोणाशी बोलताना वापरतो ते टिपा. तहसील कचेरीत प्रकल्पग्रस्त, मोर्चात भूमिपुत्र, सोयरिकीत नुसतं जुन्या गावाचं नाव, असं एकाच माणसाच्या तोंडी येतं. नर्मदेच्या बुडितात, अक्कलकुवा-धडगावकडे, 'घोषित' आणि 'अघोषित' हे आणखी दोन शब्द भेटतील. यादीत नाव आहे की नाही, एवढाच त्यांचा अर्थ, आणि सगळा लढा त्याच्याभोवती.

जिथे समाजाचा आणि सरकारचा शब्द जुळत नाही तिथे दोन्ही लिहा. काश्मिरी पंडित सरकारी नोंदीत 'मायग्रंट' आहेत. त्यांच्यातल्या अनेकांना हा शब्द मान्य नाही, कारण त्यात स्वखुशीने निघाल्याचा वास येतो.

जुन्या काळावर आजचा शब्द लादताना एकदा थांबा. मुळशी सत्याग्रहाच्या (१९२१-२४) शेतकऱ्यांना आपण सहज 'धरणग्रस्त' म्हणून मोकळे होतो. तेव्हाच्या मजकुरात ते मुळशीचे मावळे म्हणून भेटतात. लेखात 'आजच्या भाषेत धरणग्रस्त' एवढे तीन शब्द जोडले की काम भागतं.

लिहायला बसताना

सीमा ओलांडून, जिवाच्या किंवा छळाच्या भीतीने आलेला: निर्वासित. देशातच घर सुटलेला, कारण दंगल असो वा धरण: विस्थापित. धरणामुळे घर किंवा जमीन गेलेला: धरणग्रस्त, चळवळीचा शब्द तोच. कोणत्याही प्रकल्पात जमीन वा उपजीविका गेलेला, घर राहिलेलं असलं तरी: प्रकल्पग्रस्त, कायद्याचं कलम उद्धृत करताना मात्र 'प्रकल्पबाधित'. कामासाठी हंगामी जाणारा ऊसतोड कामगार: स्थलांतरित, आणि दुष्काळामुळे निघालाय असं म्हणायचं असेल तर ते वेगळ्या वाक्यात लिहा. 'शरणार्थी' अवतरणात किंवा हिंदी नावाचा भाग म्हणूनच. 'घुसखोर' हा आरोप आहे, वर्णन नाही. कोणी केला त्याच्या नावानिशी द्या.

एका लेखात एका गटासाठी एकच शब्द ठेवा आणि तो पहिल्यांदा येतो तिथेच कोणत्या अर्थाने घेतलाय ते अर्ध्या वाक्यात सांगा. शासन निर्णयाचा हवाला देताना विभाग आणि दिनांक दोन्ही लिहा. एकाच विषयावर शुद्धिपत्रकं निघतात आणि व्याख्या पुष्कळदा शुद्धिपत्रकातच बदललेली असते.